स्वरांचे कानसेन : उस्ताद अब्दुल करीम खाँ



आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते. एखादे मूल गुणगुणू लागले की वडीलधारे म्हणतात, याला सुराचा कान नाही, याने या फंदात पडू नये. दुसरे एखादे मूल सुरेल गायले की तेच म्हणतात, ही तर अल्लाची देणगी आहे. दोन्ही वेळा निकाल आधीच लागलेला असतो आणि मेहनतीला त्यात कोठेच जागा राहत नाही. हा निकाल कितपत खरा आहे, हे तपासून पाहावयाचे असेल तर किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र आपण अवश्य डोळ्यांखालून घालावे.

खाँसाहेबांचा जन्म 1872 साली उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. या गावाच्या नावावरूनच त्यांच्या गायकीला किराणा हे नाव मिळाले. घराणे गवयांचे व सारंगियांचे होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांना लहानपणीच तालीम मिळाली. गाण्याबरोबर सारंगीही त्यांच्या हाती आली. सारंगीला पडदे नसतात, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. बोट केसभर सरकले तरी सूर बिघडतो आणि तो बिघडला हे सांगायला स्वतःच्या कानाशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. म्हणजे ज्या वयात इतर मुले अक्षरे गिरवतात, त्या वयात या मुलाचा कान रोज परीक्षेला बसत होता.

येथे थोडे शास्त्र समजून घेऊ. काही माणसे अशी असतात की कोठेही एखादा सूर वाजला, तर दुसऱ्या कोणत्याही सुराचा आधार न घेता ती तो अचूक ओळखतात. पेटीची अमुक एक पट्टी वाजली, हे ती न पाहता सांगतात. याला निरपेक्ष स्वरज्ञान म्हणता येईल. हे सामर्थ्य फार थोड्यांत आढळते. ज्यांच्यात आढळते त्यांपैकी बहुतेकांचे संगीतशिक्षण अगदी लहान वयात सुरू झालेले असते. मोठेपणी ते नव्याने कमावणे फार कठीण जाते.

परंतु आपल्या संगीताचा पाया या सामर्थ्यावर उभा नाही. आपल्याकडे षड्ज हा कोणत्याही एका ठरावीक उंचीचा नसतो. गायक आपल्या गळ्याला सोसेल तेथे तो धरतो आणि मग बाकीचे सारे सूर त्या षड्जाशी असलेल्या नात्याने ओळखले जातात. हे नाते ओळखणे म्हणजे सापेक्ष स्वरज्ञान होय. ते शिकता येते आणि शिकवताही येते. खाँसाहेबांचे मोठेपण नेमके याच नात्याच्या जाणिवेत होते.

हे नाते आकड्यांतही सांगता येते. षड्जाची कंपने सेकंदाला 240 धरली, तर पंचमाची 360 होतात आणि तार षड्जाची 480. तंबोरा नीट जुळला आणि त्याची जवारी उघडी असली की षड्जाच्या तारेतूनच गंधार ऐकू येतो. हा आपोआप उमटणारा गंधार मधल्या सप्तकात आणला तर त्याची कंपने बरोबर 300 भरतात. आपल्या नेहमीच्या पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असल्यामुळे तोच गंधार 302 च्या थोडा वर जातो. फरक जेमतेम अडीच कंपनांचाही नाही. पण तंबोऱ्यात मुरलेल्या कानाला तो खड्यासारखा टोचतो.

तरुणपणी खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते. तेथे सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. त्या काळच्या समाजाला हे नाते मानवणारे नव्हते. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबईची वाट धरली. पुढे खाँसाहेबांचा संबंध मिरजेशी जडला तो कायमचा. मिरजेतील हजरत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर त्यांची नितांत श्रद्धा होती आणि तेथील उरुसात ते गाण्याची हजेरी लावीत. मिरज हे तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. एकेकाळी शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात ही कला हाती घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतील आद्य नाव होय. याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेबांना स्वतःलाही वाद्यांच्या दुरुस्तीची मोठी आवड होती. घोडी घासून, तिच्यावर दोरा सरकवून मनाजोगती जवारी लागेपर्यंत त्यांचे समाधान होत नसे.

त्यांच्या कानाची कीर्ती अभ्यासकांपर्यंत पोहोचली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स हे त्या सुमारास आपल्या संगीतातील बावीस श्रुतींचा शोध घेत होते. त्या कामी खाँसाहेबांच्या गळ्यातील सुरांचा त्यांना मोठा आधार मिळाला. या श्रुतींसाठी खास पेटीही तयार करण्यात आली. 1916 साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत हा विषय निघाला तेव्हा विद्वानांत एकमत झाले नाही. तो वाद आपण विद्वानांकडेच ठेवू. आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच की, शास्त्रज्ञाला मोजण्यासाठी ज्याच्या सुराकडे यावे लागले, तो माणूस विद्यापीठात शिकलेला नव्हता. त्याचा कान तालमीत तयार झाला होता.

1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. गवय्यांनी आपली विद्या घरच्यांपासूनही राखून ठेवावी, असा तो काळ. अशा काळात एका मुसलमान उस्तादाने जातधर्म न पाहता मुलांना घरी ठेवून घेतले, जेवू घातले आणि शिकवले. जलसे करून संस्थेचा खर्च भागवला जाई. शिक्षणसंस्था चालवणे किती जिकिरीचे असते, हे ही स्मरणिका हाती घेणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

त्यांच्या शिष्यांपैकी एकाची हकीकत प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे. कुंदगोळचे रामभाऊ हे त्यांच्याकडे शिकत होते. वयात येताना रामभाऊंचा आवाज फुटला आणि तो जड व हट्टी झाला. दुसऱ्या एखाद्याने त्यांना परत पाठवले असते. खाँसाहेबांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षे सुरांचा रियाज करून घेतला. कान पक्का होता, म्हणून गळ्याला कोठे पोहोचायचे आहे हे त्याला ठाऊक होते. उशीर लागला तरी तो तेथे पोहोचला. हेच रामभाऊ पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले. भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगळ हे त्यांचेच शिष्य. आवाज बिघडला म्हणून तो विद्यार्थी काढून टाकला असता, तर केवढी परंपरा बुडाली असती याचा विचार करावा.

खाँसाहेबांचे घर मात्र टिकले नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. हा आघात मोठा होता आणि विद्यालयालाही त्याची झळ लागली. तरीही वडिलांच्या घरात ऐकलेला सूर मुलांच्या कानांतून गेला नाही. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुले. भल्या घरच्या स्त्रीने मैफलीत गाऊ नये असे मानणाऱ्या काळात हिराबाई सन्मानाने व्यासपीठावर बसून गायल्या. खाँसाहेबांकडे शिकलेल्या रोशनआरा बेगम यांचेही नाव सर्वत्र झाले. आपल्या मुलींच्या शिक्षणाविषयी बोलताना या दोघींची आठवण ठेवावी.

खाँसाहेब म्हैसूरच्या दरबारातही जात. तेथे त्यांनी कर्नाटक संगीत कान देऊन ऐकले आणि त्यातील सरगमची रीत आपल्या गाण्यात आणली. उस्ताद झाल्यावरही ऐकणे थांबवू नये, हा त्यातील धडा आहे. 1937 साली दक्षिणेच्या दौऱ्यात मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तेथेच 27 ऑक्टोबर रोजी अल्लाचे नाव घेत त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात तेथे आजही गायक आपली सेवा रुजू करतात.

पालकहो, गाणेबजावणे मुलांनी शिकावे की नाही, याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. तो निर्णय प्रत्येक घराने आपल्या विचाराने घ्यावा. पण कानाची तालीम ही केवळ गवयांची गरज नाही. मकतबात मूल किरअत शिकते तेव्हा उस्ताद आधी म्हणून दाखवतात, मूल ऐकते, म्हणते, चुकते आणि पुन्हा ऐकते. अक्षराचा मखरज चुकला की तेथेच थांबवले जाते. खाँसाहेबांच्या तालमीची रीत याहून वेगळी नव्हती. परकी भाषा शिकणाऱ्यालाही हाच मार्ग धरावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याला सूर शिकावयाचा असेल त्याने एवढे करावे. तंबोऱ्याचा षड्ज लावून काही वेळ नुसते ऐकावे, गाऊ नये. मग हलक्या आवाजात त्यात आपला षड्ज मिसळावा. दोन सूर जवळ येऊनही एक झाले नसतील तर आवाजात लाटा उठतात. त्या शांत होईपर्यंत धीर धरावा. षड्ज जमला की पंचम घ्यावा आणि गंधाराची घाई करू नये. रोज थोडे करावे, पण रोज करावे.

तानसेन सगळ्यांनाच होता येत नाही, पण कानसेन होण्याचा दरवाजा कोणालाही बंद नाही. म्हणून आपल्या मुलाला कान नाही असे म्हणण्यापूर्वी, त्याच्या कानाला आपण किती दिवस तालीम दिली, हे प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावे.