ग्रंथभांडारांचे शोधयात्री : डॉ. हिरालाल जैन

जैन आचार्यांची विपुल ग्रंथरचना शतकानुशतके मंदिरांच्या व मठांच्या भांडारांत वेष्टनांत बांधलेली राहिली. श्रावकांनी ती जिवापाड जपली; परंतु तिची सूची नसल्याने अभ्यासकांच्या लेखी ती नसल्यासारखीच होती. हे अप्रकाशित धन उजेडात आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. हिरालाल जैन यांचे स्थान अग्रभागी आहे.

हिरालालजींचा जन्म १८९९ साली आजच्या मध्य प्रदेशातील नरसिंहपूर जिल्ह्यात झाला. १९२५ मध्ये ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापक म्हणून आले आणि वऱ्हाड ही त्यांची कर्मभूमी ठरली. जवळच्या कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांची प्राचीन परंपरा होती. तेथील पोथ्या त्यांनी पानोपान तपासल्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या हस्तलिखित सूचीत या भांडारांची नोंद झाली आणि विद्वानांना त्यांचे महत्त्व कळले. पुढे हिरालालजींनी महाकवी पुष्पदंतांचे 'णायकुमारचरिउ' १९३३ साली व मुनी कनकामर यांचे 'करकंडचरिउ' १९३४ साली संपादित करून प्रकाशित केले. अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे कार्य म्हणजे आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेसह षट्खंडागमाचे संपादन होय. या सिद्धांतग्रंथाच्या ताडपत्रप्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे होत्या आणि भाविकांना त्यांचे केवळ दर्शन घडे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची नक्कल करण्याचे काम सुरू झाले. कालांतराने नकलेवरून नकला होत त्या कारंजा, अमरावती व आरा येथे पोहोचल्या. या प्रती परस्परांशी ताडून हिरालालजींनी विद्वान सहकाऱ्यांसह १९३९ साली पहिला खंड प्रसिद्ध केला. सुमारे २० वर्षांत १६ खंड पूर्ण झाले.

या कार्यात त्यांच्या सचोटीची कसोटी लागली. पहिल्या खंडातील ९३ व्या सूत्रात संजद हा शब्द असावा, असे अर्थसंगतीवरून संपादकांना जाणवले. पण हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी मूळ पाठाला हात न लावता तळटीपेत तशी सूचना केली. मनुष्यिणींच्या गुणस्थानांविषयीचे हे सूत्र असल्याने समाजात तीव्र वाद उठला. पुढे मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहता आला, तेव्हा तेथे तो शब्द आढळला. नकलेत गळालेले एक अक्षरही सिद्धांताच्या अर्थाला बाधा आणू शकते आणि म्हणून मूळ प्रत जपणे व ती अभ्यासकास दाखविणे ही दोन्ही कर्तव्ये आहेत, हे या प्रसंगाने सिद्ध केले.

उत्तरायुष्यात वैशालीच्या प्राकृत संशोधन संस्थेचे संचालकपद व जबलपूर विद्यापीठातील अध्यापन त्यांनी सांभाळले. १९७३ साली त्यांचे देहावसान झाले. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने धवलेच्या संशोधित आवृत्त्या काढून त्यांचे कार्य पुढे नेले.

आजही अनेक मंदिरांत व घरांत पोथ्या कपाटबंद आहेत. त्यांची नोंद करणे, छायाप्रती काढणे आणि जिज्ञासूंना त्या उपलब्ध करून देणे, हीच या श्रुतसेवकास खरी आदरांजली ठरेल.