विश्लेषण : हिरड्या का सुजतात? गुलाबाच्या काट्याने दिलेले उत्तर

दात घासताना रक्त आले की आपण ब्रश बदलतो, पेस्ट बदलतो. पण हिरडीची ती लाली आणि सूज म्हणजे आजार की शरीराचा प्रतिकार? ही सूज प्रतिकाराचीच खूण आहे, हे पटवून देण्यात एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाचे निम्मे आयुष्य गेले.

मेचनिकॉफ कोण होते?

त्यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळ झाला. ते डॉक्टर नव्हते, तर प्राणिशास्त्रज्ञ होते. ओडेसा विद्यापीठात ते शिकवत. १८७३ मध्ये पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने गेली. त्या धक्क्यात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण ते बचावले. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरातून बरी झाली. १८८२ मध्ये विद्यापीठाचा राजीनामा देऊन ते कुटुंबासह सिसिलीतील मेसिना येथे गेले.

मेसिनात काय घडले?

घरचे सर्कस पाहायला गेले होते. मेचनिकॉफ घरीच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत होते. बागेतल्या गुलाबाचे काटे त्यांनी अळ्यांमध्ये टोचले. सकाळी पाहतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा! तारामाशाला आपल्यासारखे रक्त नसते, तरीही घुसखोराकडे पेशी धावल्या होत्या. जंतू गिळणाऱ्या अशा पेशींना पुढे भक्षक पेशी म्हटले गेले. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा हा पाया ठरला.

विरोध का झाला?

पांढऱ्या पेशी जंतूंना मारत नाहीत, उलट शरीरभर पसरवतात, असे तेव्हा अनेक जण मानत. संरक्षण रक्तद्रवातून मिळते, असे जर्मन शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ यांनी हा वाद नेटाने लढवला. १९०८ चे नोबेल त्यांना आणि रक्तद्रवाची बाजू मांडणाऱ्या पॉल एर्लिश यांना विभागून मिळाले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. १९१६ मध्ये पॅरिसमध्येच मेचनिकॉफ यांचे निधन झाले.

हिरड्यांशी संबंध काय?

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत जंतू कायम असतात. हिरडीच्या आवरणातील पेशी जंतूंच्या पृष्ठभागावरील रेणू ओळखतात, डिफेन्सिन नावाची जंतुनाशक प्रथिने सोडतात आणि इंटरल्युकिन-८ हा रासायनिक संदेश पाठवतात. त्या दिशेने न्यूट्रोफिल या भक्षक पेशी रक्तातून फटीकडे येतात. निरोगी हिरडीतही हा पहारा अखंड सुरू असतो.

मग हिरड्या खराब का होतात?

काही जंतू चलाख असतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू इंटरल्युकिन-८ चा संदेशच दाबतो, म्हणजे धोक्याची घंटा बंद करतो. दुसरीकडे, दातांवरचा जंतूंचा थर तसाच राहिला तर लढाई लांबते. भक्षक पेशींची जंतू मारणारी विकरे हिरडीलाही इजा करतात आणि लांबलेल्या दाहात दाताभोवतीचे हाड झिजते. यालाच आपण पायोरिया म्हणतो.

यातून काय घ्यायचे?

हिरडीची सूज म्हणजे शरीर लढत असल्याची खूण. रक्त येते म्हणून तिथे घासणे थांबवले तर शत्रूचा तळ आणखी पक्का होतो. मऊ ब्रशने हलक्या हाताने तो थर काढत राहणे आणि रक्त थांबत नसेल तर दंतवैद्यांना दाखवणे, एवढे आपल्या हातात आहे.