'हीला'च्या मागची हेन्रिएटा

बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी करत असाल तर 'हीला' पेशी तुमच्या ओळखीच्या असतील. जगभरातल्या लॅबमध्ये त्या वाढवल्या जातात, अगदी पुण्याच्या एनसीसीएसमध्येही. हे नाव आलं हेन्रिएटा लॅक्स या नावाच्या आद्याक्षरांवरून. तुम्ही आर्ट्सला असा नाहीतर कॉमर्सला, तिची गोष्ट तुम्हाला माहीत असायलाच हवी.

हेन्रिएटा कृष्णवर्णीय अमेरिकन. जन्म १९२० चा, व्हर्जिनियातला. चार वर्षांची असताना आई गेली आणि ती क्लोव्हर गावी आजोबांकडे आली. आजोबांचं लाकडी घर म्हणजे एकेकाळची गुलामांची राहायची जागा. तंबाखूच्या शेतात राबता राबता शाळा सहावीतच सुटली. लग्नानंतर ती बाल्टिमोरजवळ राहायला आली. पाच मुलं झाली. स्वयंपाक, माणसांची ऊठबस आणि लाल नेलपॉलिश या तिच्या आवडी.

१९५१ च्या जानेवारीत पोटात गाठ जाणवली म्हणून ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळा वॉर्ड होता. निदान झालं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं. उपचाराच्या संमतीपत्रावर तिने सही केली. भुलीत असताना डॉक्टरांनी दोन लहान तुकडे काढले, एक गाठीचा आणि एक निरोगी भागाचा. ते गेले डॉ. जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये. हे तिला कुणी विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही.

तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर फार दिवस जगत नसत. हिच्या गाठीतल्या पेशी मात्र साधारण चोवीस तासांत दुप्पट व्हायच्या, आणि थांबायचं नाव नाही! इकडे हेन्रिएटा ४ ऑक्टोबर १९५१ ला गेली, अवघ्या ३१ व्या वर्षी. शवविच्छेदनावेळी लॅबमधल्या एका सहायिकेची नजर तिच्या पायांच्या नखांवर गेली. नेलपॉलिशचे टवके उडालेले होते. या पेशी एका जिवंत बाईच्या होत्या, हे तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं.

पुढे पोलिओच्या लशीच्या चाचणीत या पेशी वापरल्या गेल्या. कॅन्सरच्या संशोधनात वापरल्या गेल्या, अंतराळातही गेल्या. डॉ. गे यांनी त्या फुकट वाटल्या, पण नंतर कंपन्यांनी त्यांचा धंदा केला. घरच्यांना पत्ता लागला थेट १९७३ च्या सुमारास, म्हणजे बावीस वर्षांनी. मग संशोधकांनी त्यांचंही रक्त नेलं. ते कशासाठी, हेही नीट समजावलं नाही. आपली कॅन्सरची तपासणी चाललीये, असं मुलीला वाटत राहिलं. आईच्या पेशींनी औषधं घडवली, पण मुलांकडे आरोग्य विम्याचे पैसे नव्हते. तिच्या कबरीवर दगड बसायला २०१० उजाडलं.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तसा कायदाच नव्हता. खरंय. पण २०१३ मध्ये काय झालं? हीलाचा अख्खा जीनोम शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला, पुन्हा कुटुंबाला न विचारता. त्यातून मुला-नातवंडांच्या आनुवंशिक आजारांचाही अंदाज बांधता आला असता. आरडाओरड झाली, तेव्हा माहिती मागे घेतली गेली. आता ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातले सदस्य बसतात. २०२३ मध्ये थर्मो फिशर या कंपनीनेही कुटुंबाशी तडजोड केली.

गंमत बघा, कुटुंबाशी बोलून ठरवल्यामुळे संशोधन थांबलं नाही. ते आजही सुरू आहे. म्हणजे विचारल्याने विज्ञान अडतं, ही सबब काही टिकत नाही. हेन्रिएटाला विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणाली असती, कदाचित नाही. पण ते ठरवायचा हक्क तिचा होता.

उद्या तुमच्यापैकी कुणी पांढरा कोट घालून फॉर्म पुढे करेल, कुणी कॉटवरून त्यावर सही करेल. कोट घातलेल्यांनो, आधी सांगा आणि मग सही घ्या. सही करणाऱ्यांनो, माझ्या नमुन्याचं पुढे काय होणार, एवढं बिनधास्त विचारा.