अग्नर क्रारुप अर्लांग : वाट पाहण्याचें गणित मांडणारे शिक्षक

आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या आजीआजोबांना ट्रंक कॉलविषयीं एकदां अवश्य विचारावें. परगांवीं बोलावयाचें झाल्यास प्रथम टेलिफोन कचेरींत कॉल नोंदवावा लागे आणि मग घंटा वाजण्याची वाट पाहत तासन् तास बसावें लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्या कॉलचे प्रकार असत. जो अधिक पैसे भरी, त्याचा क्रमांक आधीं लागे. घरांत कोणी अत्यवस्थ असतां अर्जंट कॉल लावावा कीं साध्यावर भागवावें, हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडला असेल. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्यामध्यें थेट क्रमांक फिरवून बोलण्याची सोय झाली. पुढें ती देशभर पसरली आणि ट्रंक कॉल नोंदविणें हळूहळू बंद झालें.

ते दिवस गेले, तरी त्यामागील प्रश्न गेला नाहीं. मार्ग थोडे, त्यांवरून जाऊं इच्छिणारे पुष्कळ, आणि मार्ग वाढविण्यास तर द्रव्य लागतें. अशा वेळीं मार्ग किती असावेत, कोणास किती थांबवावें आणि आधीं कोणास सोडावें? आज ज्या साधनांनीं आपण घरबसल्या व्याख्यानें ऐकतों व परदेशीं असलेल्या आप्तांचीं मुखें पाहतों, त्यांच्याही मागें हाच प्रश्न उभा आहे. त्यास गणिताची पक्की बैठक देणारे गृहस्थ हे मूळचे एक शाळामास्तर होते. त्यांचें नांव आज जगभर एक परिमाण म्हणून उच्चारलें जातें. परंतु नांव घेणार्‍यांपैकीं थोड्यांनाच त्यांचें चरित्र ठाऊक असतें. तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अग्नर क्रारुप अर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजीं डेन्मार्क देशांतील जटलंड प्रांतांत, टार्म गांवाजवळील लोनबोर्ग या खेड्यांत झाला. वडील तेथील शाळेचे मास्तर असून गांवच्या चर्चचे कारकूनही होते. आई धर्मोपदेशकांच्या घराण्यांतील. तिच्या पूर्वजांत थॉमस फिंके नांवाचे प्रसिद्ध गणिती होऊन गेले होते. एक थोरला भाऊ, दोन बहिणी आणि अग्नर अशीं हीं चार भावंडें शाळेच्या घरांतच वाढलीं. संध्याकाळीं थोरला भाऊ फ्रेडरिक पुस्तक उघडून वाचावयास बसे, तेव्हां अग्नर त्याच्या समोर बसून तेंच पुस्तक उलट्या बाजूनें वाचीत असे. पुस्तक एक आणि वाचणारे दोन, या अडचणींतून त्या मुलानें कोणास न थांबवितां अशी वाट काढली. आकाशांतील ग्रहतार्‍यांचें त्यास फार वेड असे आणि त्या विषयावर तो कविताही रची.

वयाच्या चवदाव्या वर्षीं त्यानें कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा विशेष प्राविण्यासह दिली. वय लहान असल्यामुळें त्यासाठीं खास परवानगी काढावी लागली होती. पुढें दोन वर्षें त्यानें वडिलांच्याच शाळेंत मुलांना शिकविलें आणि स्वतः लॅटिन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. विद्यापीठांत जावें अशी वडिलांची इच्छा होती, परंतु मास्तराच्या घरीं पैसा कोठून असणार? एका दूरच्या नातलगानें राहण्याजेवणाची सोय केली, आणि पुढें विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणूनच हें शिक्षण पार पडलें. १९०१ सालीं गणित हा मुख्य विषय आणि ज्योतिष, पदार्थविज्ञान व रसायन हे जोडविषय घेऊन ते पदवीधर झाले.

त्यानंतर सात वर्षें अर्लांग यांनीं निरनिराळ्या शाळांत अध्यापन केलें. उत्तम शिक्षक असा त्यांचा लौकिक होता. मात्र शाळेचें काम आटोपल्यावर त्यांचा स्वतःचा अभ्यास सुरू होई. १९०४ सालीं, हॉयगेन्स यांच्या गणितावरील निबंधाबद्दल विद्यापीठानें त्यांचा गौरव केला. ते डॅनिश गणित मंडळाचे सभासद होते. तेथें त्यांची गांठ योहान येन्सन यांच्याशीं पडली. येन्सन हे गणितांत नांवाजलेले असून पोटापाण्यासाठीं कोपनहेगन टेलिफोन कंपनींत मुख्य अभियंत्याचें काम करीत. त्यांच्या आग्रहावरून १९०८ सालीं अर्लांग त्या कंपनींत गेले आणि अखेरपर्यंत तेथेंच राहिले.

कंपनीपुढें प्रश्न पैशाचा होता. त्या काळीं कचेरींत बसलेल्या स्त्रिया हातानें तारा जोडून देत. तारा व माणसें कमी ठेवलीं, तर बोलूं इच्छिणारे खोळंबत आणि चिडत. पुष्कळ ठेवलीं, तर तीं दिवसाचा बराच वेळ रिकामीं राहत आणि त्यांचा खर्च अखेर ग्राहकांवरच पडे. मग नेमक्या किती ठेवाव्यात? सरासरी काढून भागत नाहीं, हें अर्लांग यांनीं ओळखलें. कोणता ग्राहक केव्हां बोलावयास उठेल, हें दुसर्‍या कोणास ठाऊक नसतें. म्हणून मागण्या कधीं एकदम गर्दी करून येतात, तर कधीं मुळींच येत नाहींत. परंतु या अनियमितपणालाही नियम आहे, हें त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें. समजा, दर मिनिटास सरासरी एक मागणी येते. तर शंभरांपैकीं सुमारें ३७ मिनिटें अगदीं रिकामीं जातील, ३७ मिनिटांत एकेक मागणी येईल, १८ मिनिटांत दोन दोन, ६ मिनिटांत तीन तीन, आणि उरलेल्या दोनेक मिनिटांत चार किंवा अधिक मागण्या एकदम येऊन थडकतील.

१९१७ सालीं त्यांचा दुसरा व अधिक प्रसिद्ध निबंध बाहेर पडला. त्यांत त्यांनीं दिलेल्या सूत्रांवरून, अमुक इतकें बोलणें आणि अमुक इतक्या तारा असतां किती मागण्या परत फिरतील व किती वेळ थांबावें लागेल, याचें गणित करतां येतें. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देतों. तासाभरांत शंभर मागण्या येतात आणि प्रत्येक संभाषण सरासरी तीन मिनिटें चालतें. म्हणजे एकूण ३०० मिनिटें, अर्थात् पांच तासांचें बोलणें एका तासांत व्हावयाचें आहे. वरवर पाहतां पांच तारा पुरेशा वाटतात. परंतु सूत्र सांगतें कीं, पांच तारा ठेवल्यास शंभरांतील सुमारें २८ मागण्या निष्फळ होतील. दहा तारा ठेवल्यास सुमारें दोन निष्फळ होतील, आणि अकरा ठेवल्यास एकाहूनही कमी.

आतां अशा दोन कचेर्‍या निरनिराळ्या असल्या, तर प्रत्येकीस अकरा याप्रमाणें बावीस तारा लागतात. त्याच दोघींचें काम एकत्र केलें, तर अठरा तारांत तितकीच चांगली, किंबहुना किंचित् सरस सेवा मिळते. कारण एकीकडे गर्दी असतांना दुसरीकडील रिकामी तार तिच्या उपयोगीं पडते. चार तारांचा खर्च वांचला आणि कोणाचें नुकसानही झालें नाहीं. ब्रिटिश पोस्ट खात्यानेंही आपल्या टेलिफोनच्या तारांची संख्या ठरविण्यास अर्लांग यांच्या सूत्राचा आधार घेतला.

या गणितांत आणखी एक मार्मिक शिकवण दडलेली आहे. तार सदैव गुंतलेली राहिली म्हणजे पैशाचें चीज झालें, असें व्यवहारी मनुष्यास वाटतें. परंतु एकच तार आहे, मागण्या अनियमितपणें येतात आणि संभाषणेंही लहानमोठीं असतात, असें धरलें, तर ती तार निम्मा वेळ गुंतलेली असतां सरासरी एका संभाषणाइतकें थांबावें लागतें. शेंकडा ९० गुंतली तर नऊ संभाषणांइतकें, आणि शेंकडा ९५ गुंतली तर एकोणीस संभाषणांइतकें. म्हणून थोडी मोकळी जागा राखून ठेवणें हा अपव्यय नव्हे.

अर्लांग केवळ टेबलाशीं बसून आंकडे मांडणारे नव्हते. भूमिगत तारांत शिरणार्‍या भटक्या विद्युत्प्रवाहांचीं मोजमापें घेण्यास आरंभीं त्यांच्या हाताखालीं कोणी साहाय्यक नव्हता. तेव्हां शिडी उचलणारा एक कामगार बरोबर घेऊन ते कोपनहेगनच्या रस्त्यांवरील भुयारांत स्वतः उतरत. त्यांचें बोलणें मोजकें असे आणि मंडळींत मिसळण्यापेक्षां दुरून पाहणें त्यांना अधिक रुचे. विवाह त्यांनीं केला नाहीं. गणित, ज्योतिष व पदार्थविज्ञान यांवरील ग्रंथांचा त्यांचा संग्रह मोठा होता. गरजू लोक त्यांना शोधीत त्यांच्या प्रयोगशाळेपर्यंत येत, आणि ते त्यांना गाजावाजा न करतां साहाय्य देत.

जवळजवळ वीस वर्षांत आजारपणामुळें त्यांनीं कामावर खाडा केला नव्हता. १९२९ च्या जानेवारींत मात्र पोटाच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांना इस्पितळांत जावें लागलें, आणि ३ फेब्रुवारी १९२९ रोजीं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. १९४६ सालीं टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीनें तारेवरील वर्दळ मोजण्याच्या परिमाणास त्यांचें नांव दिलें. एक तार तासभर अखंड गुंतून राहिली, म्हणजे ती वर्दळ एक अर्लांग.

आजच्या जाळ्यांत बोलणें, चित्र, पत्र, हिशेब, सर्व कांहीं लहान लहान तुकड्यांत कापून एकाच मार्गानें पाठविलें जातें, आणि प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर त्याचा वर्ग लिहिण्याची सोय आहे. माणसाचें बोलणें समोरच्याच्या कानीं पडण्यास शक्यतों १५० सहस्रांश सेकंदांहून अधिक वेळ लागूं नये. उशिरां पोंचलेला शब्द निरुपयोगी होतो. पत्र मात्र दोन सेकंद उशिरां आलें, तरी कोणाचें बिघडत नाहीं. म्हणून बोलण्यास पुढें सोडावें आणि पत्रास थांबवावें, इतकेंच केल्यानें त्याच मार्गावर, नवा खर्च न करतां, दोघांचेंही काम भागतें. समजा, एखाद्या शाळेंत एकीकडे विद्यार्थी दूरच्या शिक्षकाचें व्याख्यान ऐकत आहेत आणि त्याच वेळीं कचेरींतून जुनीं दप्तरें बाहेर पाठविलीं जात आहेत. तेथें मोठी जोडणी विकत घेण्याआधीं व्याख्यानास अग्रक्रम द्यावा आणि दप्तरें रात्रीं पाठवावींत, हें शहाणपणाचें.

परंतु अग्रक्रम म्हणजे नवा मार्ग नव्हे. अग्रक्रमाच्या रांगांचें गणित अर्लांग यांच्यानंतर, १९५४ सालीं अ‍ॅलन कोबम यांनीं मांडलें. मार्गाची शक्ति तितकीच असतां ज्यास आपण पुढें काढतों, त्याचें थांबणें दुसर्‍याच्या वांट्यास जातें, हें या विद्येचें सार आहे. प्रत्येकानें आपल्या तुकड्यावर तातडीचा शिक्का मारला, तर तातडीचें कांहींच उरत नाहीं. यास्तव चांगला व्यवस्थापक पहिल्या वर्गास मर्यादा घालतो, शेवटच्या वर्गासही थोडा वांटा राखून ठेवतो, आणि तेवढ्यानेंही भागेनासें झालें म्हणजेच नव्या मार्गासाठीं पैसे मोजतो.

विद्यार्थीमित्रहो, खेड्यांतील एका मास्तराच्या या मुलाकडून आपणां सर्वांस घेण्यासारखें पुष्कळ आहे. जगांत सर्वांना सर्व कांहीं तत्काळ मिळणें शक्य नाहीं. कोणास तरी थांबावें लागणारच. पण किती आणि कोणी, हें रागालोभानें किंवा केवळ पैशाच्या जोरावर न ठरवितां मोजून व विचारानें ठरवितां येतें, हें अर्लांग यांनीं दाखविलें. पुढें तुमच्यापैकीं कोणाच्या हातीं अशी रांग लावण्याचा अधिकार आला, तर आधीं मोजा, मग ठरवा. आणि ज्यास मागें ठेवाल, त्याचा विसर पडूं देऊं नका.