संत इग्नेशियस यांचे स्वयंपाकघर

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. त्यांच्याविषयी आपण प्रवचनातून जे ऐकतो ते बहुतेक ठरलेले असते : पांपलोनाची लढाई, तोफेचा गोळा, मोडलेला पाय, आध्यात्मिक साधना आणि येशूसंघाची स्थापना. यंदा आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात डोकवायचे ठरवले आहे.

तसे कारणही आहे. आपल्या धर्मग्रामातून एखादा मुलगा सेमिनरीत किंवा एखादी मुलगी मठात जायला निघाली की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो प्रार्थनेचा नसतो, जेवणाचा असतो. पुढे दूरच्या मिशनमध्ये पाठवले तर हा खाणार काय? करून घालणार कोण? याला तर साधा भात लावता येत नाही! ही काळजी आजची नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी इग्नेशियस यांनी घरात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला चुलीपुढे उभे केले होते.

ते स्वतः मात्र चुलीपाशी वाढलेले नव्हते. १४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतात लोयोला येथील सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. तेरा भावंडांत ते धाकटे, नाव इनिगो. पुढे राजाच्या खजिनदाराच्या वाड्यात ते दरबारी रीतीभाती शिकले. अशा घरातला तरुण जेवायला बसे. जेवण कोठून येते हे त्याने पाहण्याची गरज नव्हती. (आमच्याकडेही पुरुषाने चूल फुंकणे परवापरवापर्यंत कमीपणाचेच होते, तेव्हा सरदारांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.) २० मे १५२१ रोजी पांपलोनाला तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाला अंथरुणावर पडल्या पडल्या ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचता वाचता त्यांचे मन पालटले.

त्यानंतर मान्रेसा गावी त्यांनी भीक मागून दिवस काढले आणि इतके कडक उपवास केले की प्रकृती कायमची खालावली. हा अनुभव ते कधी विसरले नाहीत. पुढे गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा असेच उपवास करू लागले, तेव्हा १५४८ साली पत्र लिहून इग्नेशियस यांनी त्यांना आवरले. पोट बिघडवून घेऊ नका, शरीरही देवाचेच आहे, असा त्या पत्राचा रोख होता.

१५२३ साली जेरुसलेमला जाताना बार्सिलोना बंदरातली गोष्ट अशीच बोलकी आहे. गलबताच्या कप्तानाने त्यांना फुकट न्यायचे कबूल केले, पण एक अट घातली : आपल्यापुरते बिस्किट बरोबर आणायचे. हे बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेला, दगडासारखा कडक पाव. समुद्रावर तोच टिकत असे. इग्नेशियस अडखळले. देवावर भरवसा ठेवून निघालेल्या माणसाने शिदोरी बांधावी का? शेवटी त्यांनी आपल्या पापनिवेदकाला विचारले. भीक मागून शिधा घ्या आणि जा, असे त्याने सांगितले. त्यांनी तसे केले आणि उरलेली पाच-सहा नाणी किनाऱ्यावरच्या एका बाकावर ठेवून ते गलबतावर चढले.

जेरुसलेमहून परत आल्यावर तिशी उलटलेल्या या माणसाने लहान मुलांबरोबर बसून लॅटिन शिकायला सुरुवात केली. १५२८ साली ते पॅरिसला पोहोचले. तेथे पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर त्यांच्या खोलीतले सोबती झाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी व्रत घेतले.

१५३७ साली हे सर्व सोबती इटलीत जमले. आधी ते व्हेनिसच्या इस्पितळांत रुग्णांची सेवा करीत होते. मग इग्नेशियस, फेबर आणि लाइनेझ हे तिघे विचेंझा शहराबाहेर एका पडक्या मठात राहायला गेले. मठाला ना दार, ना खिडकी, झोपायला पेंढा. फेबर आणि लाइनेझ दिवसातून दोनदा शहरात भीक मागायला जात. इग्नेशियस यांचे डोळे प्रार्थनेत रडून रडून इतके अधू झाले होते की त्यांना उन्हात फिरवत नसे, म्हणून ते घरी थांबत आणि स्वयंपाक करीत. स्वयंपाक तो कसला? आलेले सुके, कडक तुकडे पाण्यात उकडून मऊ करायचे. तेल किंवा लोणी हाती लागले तर सणच. पॅरिस विद्यापीठाची मास्टर पदवी मिळवलेला, नुकताच याजक झालेला हा माणूस सेहेचाळिसाव्या वर्षी शिळ्या पावाचा कुस्करा शिजवत होता. असे चाळीस दिवस गेले. येशूसंघाचे पहिले स्वयंपाकघर कोणते असे आम्हाला कोणी विचारले, तर आम्ही या पडक्या मठाकडे बोट दाखवू.

१५४० साली पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली. पुढच्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. ७ एप्रिल १५४१ रोजी फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून भारताकडे निघाले. ८ एप्रिलला रोममध्ये संघाचा पहिला प्रमुख निवडण्यासाठी मतदान झाले. झेवियर आपले मत पाकिटात घालून आधीच देऊन गेले होते. निवड इग्नेशियस यांची झाली. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले आणि अखेर १९ एप्रिलला होकार दिला. प्रमुख झाल्यावर ते स्वयंपाकघरात शिरले आणि काही दिवस तेथे आचाऱ्याचे काम करीत राहिले. नवखा उमेदवार करील तशीच सारी कामे त्यांनी केली.

तिकडे झेवियर यांच्या गलबतावरही स्वयंपाकाचा प्रश्न उभाच होता. पोर्तुगीज गलबतांवर शिधा मिळे तो कोरडा. शिजवायचे ज्याचे त्याने, सर्वांसाठी असलेल्या चुलीवर. पोपचे प्रतिनिधी म्हणून निघालेल्या माणसाला हे शोभणार नाही, बरोबर एक नोकर घ्या, असे आरमाराची व्यवस्था पाहणाऱ्या सरदाराने त्यांना पुन्हापुन्हा सांगितले. झेवियर यांनी नकार दिला. आपले कपडे ते आपणच धूत आणि आजाऱ्यांसाठी भांडे चढवून अन्न शिजवीत. मोझांबिकचा मुक्काम धरून हा प्रवास तेरा महिने चालला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले आणि राहायला गेले ते इस्पितळात. आपल्या वसईलाही ते पुढे येऊन गेले.

झेवियर निघाले तेव्हा संघाचे नियम लिहून झाले नव्हते. ते पुढच्या काही वर्षांत इग्नेशियस यांनी रोममध्ये लिहिले. त्यात प्रत्येक उमेदवारासाठी सहा कसोट्या ठरवल्या. एक महिना आध्यात्मिक साधना, एक महिना इस्पितळात सेवा, एक महिना पैशाविना भीक मागत यात्रा. चौथी कसोटी घरातल्या हलक्या समजल्या जाणाऱ्या कामांची. मुलांना धर्मशिक्षण देणे आणि प्रवचन या त्यानंतरच्या. स्वयंपाकघरासाठी तर वेगळा नियमच आहे. आत जाणाऱ्याने आचाऱ्याचे सर्व बाबतीत ऐकायचे. आणि आचाऱ्यानेही त्याला विनंती करायची नाही, सरळ हुकूम सोडायचा : हे कर, ते कर. समोरचा ईश्वरविज्ञानाचा पंडित असो की सरदाराचा मुलगा, कांदा कसा चिरायचा हे आचारी सांगेल तसेच.

खरे सांगायचे तर हा नियम प्रथम वाचला तेव्हा आम्हाला तो जरा कठोर वाटला. आचाऱ्याच्या आज्ञेत ख्रिस्ताची आज्ञा ऐकायला शिकणे, हा त्यामागचा इग्नेशियस यांचा हेतू. पाककला शिकवणे हा नव्हे. पण हाताला कामाची सवय होतेच, आणि त्याहून मोठी एक सवय लागते : ज्याला आपण आपल्यापेक्षा खालचा समजत होतो, त्याच्याकडून शिकण्याची. दूरदेशी गेलेल्यांना हीच सवय लागणार होती.

ब्राझीलचे उदाहरण घ्या. जोसे दे अंचिएता हा जेमतेम वीस वर्षांचा येशूसंघीय तरुण १५५४ साली पिरातिनिंगा येथे पोहोचला. आजचे साओ पाउलो शहर तेथूनच वाढले. तेथल्या घराचे वर्णन त्याने पत्रातून इग्नेशियस यांना कळवले : कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, चौदा पावले लांब, दहा पावले रुंद. तीच शाळा, तोच दवाखाना, तीच झोपायची खोली, तेथेच जेवण, तेथेच स्वयंपाक आणि तेथेच कोठार. धूर इतका कोंडे की थंडीतही मुलांना बाहेर बसवून शिकवणे बरे वाटे.

आणि शिजवायचे काय? तेथे गहू नव्हता. त्या देशाचे अन्न म्हणजे मॅनिऑक नावाचे कंद. त्याची कडू जात कच्ची खाल्ली तर विषारी. तो किसायचा, पिळून रस काढून टाकायचा आणि उरलेला चोथा भाजून पीठ करायचे. एवढे केले तरच ते खाता येते. ही विद्या युरोपातल्या कोणत्याही विद्यापीठात शिकवत नव्हते. ती तेथल्या आदिवासी बायकांच्या हातात होती. (आपला साबुदाणाही याच कंदापासून बनतो.) अंचिएता यांना २०१४ साली संतपद मिळाले.

फ्रान्सिस बोर्जा यांनीही पुढे सारे वैभव सोडले आणि १५५१ साली ओन्याते येथे त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. तेथे हे माजी ड्यूक आचाऱ्याच्या हाताखाली सरपण आणि पाणी वाहत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे तेच संघाचे तिसरे प्रमुख झाले.

रोमच्या घरात इग्नेशियस यांचे स्वतःचे जेवण अगदी थोडे असे. पण आजाऱ्याच्या जेवणाबाबत त्यांनी कधी हात आखडला नाही. आजाऱ्यांसाठी लागणारे सर्व आणून दिले की नाही, हे बाजारहाट करणाऱ्याने त्यांना दिवसातून दोनदा येऊन सांगायचे, असा दंडक होता. पोटाच्या कळांनी ते स्वतः वर्षानुवर्षे हैराण होते. मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले तेव्हा यकृतात आणि मूत्रपिंडांत खडे सापडले.

जून १५५३ मध्ये त्यांनी झेवियर यांना युरोपात परत बोलावणारे पत्र पाठवले. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर वारले होते. ती बातमी अजून रोमला पोहोचली नव्हती.

३० जुलै १५५६ रोजी दुपारी इग्नेशियस यांनी आपले सचिव फादर पोलांको यांना बोलावले. पोपमहाशयांकडे जाऊन माझ्यासाठी आशीर्वाद मागा, माझा शेवट जवळ आला आहे, असे त्यांनी सांगितले. स्पेनला जाणारी टपाल त्या दिवशी पुरी करायची होती आणि डॉक्टरांनाही काही गंभीर वाटत नव्हते. उद्या गेलो तर चालेल का, असे पोलांको यांनी विचारले. आजच गेलात तर बरे, पण तुम्हाला योग्य वाटेल तसे करा, असे इग्नेशियस म्हणाले. रात्री ते नेहमीप्रमाणे जेवले आणि घराच्या कामांविषयी बोलत बसले. सकाळी उजाडल्यावर पोलांको घाईघाईने पोपमहाशयांकडे गेले. ते परतण्यापूर्वीच इग्नेशियस यांनी प्राण सोडला होता.