बाटलीवाल्यांचा भाचा

आमच्या कंग्राळीच्या घरात, पुढच्या खोलीत, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली एक जहाज टांगलेलं आहे. काळ्या चकचकीत फळीवर शिंपल्याचे तुकडे बसवून केलेलं चिनी शिडाचं जहाज. तीन शिडं, आणि खाली चार रेघा म्हणजे समुद्र. आजोबा बोटीवर भंडारी होते, त्यांनी ते हाँगकाँगहून आणलेलं. कंग्राळीतून खरा समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्यात जावं लागतं, त्यामुळे लहानपणी मला समुद्र म्हणजे त्या चार रेघाच वाटायच्या.

असली जहाजं काढून परक्यांना विकायचा धंदा चीनमध्ये कधीपासून चालतो हे शोधायला बसले, आणि शोधता शोधता पोचले मुंबईच्या सर जमशेदजी जीजीभॉय यांच्यापाशी. जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. ही नावं आपण रोज घेतो, पण त्या दोन ‘जे’ मागचा माणूस कोण, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

आधी चित्रांबद्दल सांगते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1842 पर्यंत पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांना चीनमध्ये कॅन्टन हे एकच बंदर खुलं होतं. आजचं ग्वांगझू ते हेच. तिथेही गावकुसाच्या आत यायची परवानगी नव्हती. नदीकाठी वखारींची एक रांग होती, तिथेच राहायचं आणि हंगाम संपला की निघायचं. मोठी जहाजं खाली व्हाम्पोआला नांगर टाकून असायची. चहा भरेपर्यंत महिने जायचे आणि कप्तानाच्या खिशात पैसे खुळखुळायचे. वखारींना लागूनच्या गल्लीत चित्रकारांची दुकानं होती. कप्तान तिथे जाऊन आपल्या जहाजाचं चित्र सांगायचा. काही दिवसांत तैलरंगातलं जहाज तयार. एका बाजूने पूर्ण दिसणारं, सगळे झेंडे फडकलेले, एकेक दोर मोजून घ्यावा इतका बारीक. मागे व्हाम्पोआचा पॅगोडा नाहीतर नदीच्या मुखावरचे किल्ले. दुकानात कामाची वाटणी असायची. एक जण रेखाटन करी, दुसरा आकाश-पाणी रंगवी. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळे रंगवणारा वेगळा असतो, तसंच.

ज्याला तैलचित्र परवडत नसे त्याच्यासाठी छोटे आल्बम होते. एका झाडाच्या गाभ्यातून पातळ पापुद्रे काढून केलेल्या पांढऱ्या कागदावर चिनी होड्या : मिठाची होडी, लढाऊ जहाज, नदीतला सांपान, नाळेवर डोळा काढलेलं आणि शिडाला बांबूच्या आडव्या पट्ट्या लावलेलं मोठं जहाज. इंग्रज त्याला राइस पेपर म्हणत, पण त्याचा तांदळाशी काही संबंध नाही. आमच्या घरातली काळी फळी ही त्याच आल्बमची गरीब पणती, असं मला वाटतं.

या गल्ल्यांमध्ये मुंबईचे पारशीही हिंडत होते. नसरवानजी माणेकजी वाडिया या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याचं एक जुनं चित्र आज अमेरिकेत सेलमच्या संग्रहालयात आहे. आणि 1800 च्या आसपास एक पोरगेलासा कारकून तिथे उतरला, तो जमशेद.

त्याचा जन्म 15 जुलै 1783 चा. लहानपण नवसारीत, ओढगस्तीत गेलं. सोळाव्या वर्षी आईबाप दोघेही गेले, तेव्हा मामानं मुंबईला नेलं. मामा फ्रामजी नसरवानजी जुन्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून आडनाव बाटलीवाला. भाचाही तेच करू लागला. पुढे 1803 मध्ये मामाचीच मुलगी अवाबाई त्याची बायको झाली. आमच्या सीमाभागात मामाची मुलगी करणं काही नवीन नाही, म्हणून मला हे वाचताना हा माणूस एकदम शेजारचा वाटायला लागला.

त्यानं चीनच्या पाच सफरी केल्या. सगळ्यात नाट्यमय चौथी. 1805 मध्ये तो ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजावर होता. इंग्रज आणि फ्रेंचांचं युद्ध चाललेलं. सिलोनजवळ फ्रेंचांनी जहाज धरलं आणि लोकांना आफ्रिकेच्या टोकाला, केपला नेलं. तिथून हाल काढत तो कलकत्त्याला आणि मग मुंबईला परतला. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. पुढे त्यानं डॉक्टरकी सोडून जार्डिन मॅथिसन ही कंपनी काढली आणि जमशेदजी तिचे हिंदुस्थानातले सर्वांत मोठे भागीदार-पुरवठादार झाले. एका धरलेल्या जहाजावर झालेली ओळख जवळजवळ चाळीस वर्षं टिकली.

1807 च्या सफरीनंतर ते पुन्हा चीनला गेले नाहीत. मुंबईत बसून व्यापार करू लागले. स्वतःची जहाजं घेतली, त्यातल्या एकाचं नाव ‘गुड सक्सेस’. भागीदार कोण, तर जैन मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे, आणि त्यांच्या वर्तुळातले गोव्याचे कॅथलिक रोजेरिओ द फरिया. हे वाचून आधी मला फार बरं वाटलं. सगळ्या धर्मांची माणसं एका पेढीवर! मग माल काय होता ते वाचलं.

सुरुवातीला कापूस होता. नंतर अफू. माळव्याच्या काळ्या मातीत पिकलेली, उंटांवरून आणि बैलांवरून किनाऱ्याला आलेली, काही काळ कंपनीची नजर चुकवून पोर्तुगीजांच्या दमणमधून गेलेली. दमणच्या त्या वाटेत फरियांचा मोठा हात होता. ते आमच्यातले, मिस्साला जाणारे. 1835 मध्ये बर्नार्दो पेरेस द सिल्व्हा हा गोव्याचा प्रमुख झालेला पहिला गोवेकर काही दिवसांतच उठाव करून हाकलला गेला, तेव्हा त्याच्यामागे पैसा उभा करणारे हेच फरिया. म्हणजे देशाभिमानाचा पैसाही त्याच पेटीतून आला.

चीनमध्ये अफूला बंदी होती. जहाजं नदीच्या तोंडाशी लिंतिन बेटापाशी थांबत आणि रात्री वेगवान होड्या येऊन पेट्या उतरवून नेत. आता ती सुंदर चित्रं पुन्हा बघितली. त्यांत दोर आहेत, झेंडे आहेत, डोलकाठीवर चढलेला खलाशीसुद्धा आहे. तळघरातला माल कोणत्याच चित्रात नाही. अर्थात चित्रकाराला ते कोणी सांगितलेलंही नव्हतं. कॅन्टनचा सर्वांत नावाजलेला चित्रकार लामक्वा. जमशेदजी शेवटचे तिथे गेले तेव्हा तो लहान मूल होता. 1836 पासून त्यानं पीटर पार्कर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरच्या दवाखान्यातल्या रोग्यांची चित्रं काढली. मानेवर, गालावर भोपळ्याएवढ्या गाठी घेऊन शांत बसलेली माणसं. जहाजांइतकीच नेटकी. ती चित्रं मी एकदाच बघितली, पुन्हा उघडायचा धीर झाला नाही.

1839 मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्यानं परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या जप्त केल्या आणि चुना-मीठ घालून नष्ट केल्या. जमशेदजींचंही मोठं नुकसान झालं. इंग्लंडनं युद्ध केलं. 1842 च्या ऑगस्टमध्ये नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. त्याच 1842 मध्ये जमशेदजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. हिंदी माणसाला मिळालेली ती पहिली. दोन बातम्या एकाच वर्षीच्या आहेत, एवढंच मी नोंदवते.

मग दानाचा काळ. खरं तर दान आधीपासून चालू होतं, आता त्याला पूर आला. 3 जानेवारी 1843 ला हॉस्पिटलची पायाभरणी झाली. माहीमची खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसं मरत. अवाबाईंनी दीड लाखाच्या वर रुपये देऊन वांद्र्यापर्यंत रस्ता बांधवला, तो 1845 मध्ये खुला झाला. आज सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला जाणारे कितीतरी त्याच रस्त्याने जातात. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला त्यांनी पैसा दिला, म्हणून तिथली बाग बंडगार्डन. मुलींसकट पारशी मुलांसाठी शाळा काढल्या. आणि 1853 मध्ये चित्रकलेच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. ती शाळा 1857 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ते बॅरोनेट झाले.

चित्रकलेची शाळाच का, याचा मी बराच विचार केला. माझा आपला अंदाज असा : ज्या माणसानं सोळा-सतराव्या वर्षी ती चित्रांची गल्ली बघितली, जिथे साधी कारागीर माणसं हातातल्या कौशल्यावर पोट भरत होती, त्याला कला ही श्रीमंतांची हौस वाटली नसणार, धंदा वाटला असणार. शाळेचा सुरुवातीचा हेतूही कारागिरांना शिकवण्याचाच होता. पुढे आमच्या रस्त्यावरच्या कोल्हापुरातून आबालाल रहिमान तिथे गेले, 1890 मध्ये धुरंधर गेले. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सरही जे. जे.चं नाव घेताना खुर्चीत जरा सरळ बसायचे. ते मला खूप काही शिकवून गेले. त्या शिकण्याच्या मुळाशी कुणाच्या तरी चिलमीतला धूर आहे, हे कळल्यावर सरांना सांगावं की नाही, हे अजून ठरलं नाही.

जमशेदजींचं एक व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. ते बसलेले आणि त्यांच्याबरोबर एक चिनी माणूस. चित्र जॉर्ज चिनरीच्या नावावर सांगितलं जातं. जमशेदजी वयस्क, अंगभर पांढरा पोशाख, डोक्यावर पारशी पगडी. मी मात्र त्या दुसऱ्या माणसाकडेच बघत राहिले.

14 एप्रिल 1859 ला ते गेले. मोठ्या मुलाला पदवीबरोबर बापाचं नावही घ्यावं लागलं. त्या घरात प्रत्येक बॅरोनेट जमशेदजी जीजीभॉयच होतो, तसा कायदाच आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर परवा आजीला विचारलं, आजोबांच्या बोटीत काय माल असायचा. ती तांदूळ निवडत होती. मनिऑर्डर कुठल्या महिन्यात किती आली, कुठल्या पैशातून विहीर झाली, कुठल्यातून आत्याचं लग्न, हे तिनं सगळं बोटावर मोजून सांगितलं. मालाचं तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. मग म्हणाली, त्या फळीवर धूळ बसलीय, पुसून घे.