आधी काम, मग दुर्बीण

घरात मोठी वस्तू घ्यायची तर आपण बायका आधी विचारतो, वापरणार कोण आणि कशासाठी? दुर्बिणीच्या बाबतीत हाच प्रश्न सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका प्राध्यापकानं स्वतःला विचारला होता. त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनं तेवढेच घातले. ठरलं होतं फक्त प्रकाशाचे वर्णपट तपासायची प्रयोगशाळा काढायचं. पण घाईनं खरेदी न करता गृहस्थ १८८४ मध्ये इंग्लंडला गेले आणि तिथल्या जाणत्यांना भेटले. त्या सल्ल्यातून प्रयोगशाळेची झाली वेधशाळा, ताऱ्यांचेच वर्णपट घ्यायला.

मग आली ग्रब कंपनीची आरशाची दुर्बीण, वीस इंची. तेव्हा देशात तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती. आरसाच का, तर भिंगातून प्रकाशाचे रंग थोडे फाकतात, आरशात तसं होत नाही. शिवाय तेवढ्याच पैशात आरसा मोठा मिळतो, आणि मोठा आरसा म्हणजे जास्त प्रकाश. चार इंचीच्या चौपट प्रकाश आठ इंची गोळा करते. आमच्या सालेकसात रात्री आभाळ असं काळंभोर असतं की माझी लेक सध्या दुर्बिणींच्या किमतीच पाहून राहिली आहे, म्हणून हा हिशेब मला तोंडपाठ झालाय! फोटो काढायचे असतील तर मात्र माझं मत स्पष्ट आहे : नळीपेक्षा जास्त पैसा बैठकीवर घालावा. आभाळाबरोबर अचूक फिरणारी मजबूत बैठक नसेल तर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. आणि आरसे अधूनमधून जुळवून घ्यावे लागतात, त्याचा कंटाळा असलेल्यानं या वाटेला जाऊच नये.

नायगमवालांना कंटाळा नव्हता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात १८८८ मध्ये वेधशाळा सुरू झाली. शिकवणं सांभाळून हा सगळा व्याप ते जवळजवळ एकट्यानं ओढायचे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला. अंधार जेमतेम दोन मिनिटांचा, तेवढ्यात सूर्याच्या कडेचे नि प्रभामंडळाचे वर्णपट टिपायचे. त्याच जेऊरला अमेरिकेहून कॅम्पबेल नावाचे शास्त्रज्ञ आले होते, आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ तळावर कामाला बरोबरीनं होत्या. आपल्याकडे ग्रहणात गरोदर बाईला आजही कोपऱ्यात बसवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

वेधशाळेचा जीव होता एका माणसात. बाई माहेरी गेली की चूल थंड, तसंच झालं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. चोवीस वर्षांचा संसार गुंडाळून दुर्बीण कोडाईकॅनॉलला रवाना झाली. ते स्वतः १९३८ पर्यंत हयात होते. दुर्बिणीला पुढे भावनगर दुर्बीण म्हणू लागले, म्हणजे नाव राहिलं ते पैसे देणाऱ्यांच्या गावाचं.